कार्डारिनने उंदरांना कॅन्सर झाला, पण डोस अफाट होता म्हणतात. मग १० मिलिग्रॅम घ्यायला काय हरकत आहे?

हा तुमचा प्रश्न कार्डारिनबद्दल आहे, म्हणजे दमसास वाढावा म्हणून जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या एका औषधाबद्दल. तुमच्या मित्राचा हिशोब असा आहे: उंदरांना किलोमागे ३ मिलिग्रॅम दिलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला २१० झालं. आपण १० घेतो, मग भीती कसली? हा गुणाकार मी जिममध्ये अनेकदा ऐकलाय. तो चुकीचा आहे, आणि ही चूक माणसाला धोक्याच्या जवळ नेते.

एम.फार्म. झाल्यावर काही वर्षं मी प्राण्यांवर औषधांची विषारकता तपासणाऱ्या लॅबमध्ये होते. आधी प्रत्येक उंदराचं वजन करायचं, त्यावरून डोस काढायचा, मग नळीने थेट पोटात औषध द्यायचं. लहान प्राण्याचं शरीर औषध आपल्यापेक्षा भराभर निपटवतं, म्हणून त्याला किलोमागे जास्त द्यावं लागतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत यासाठी ढोबळ आकडे आहेत: रॅटचा (मोठा उंदीर) किलोमागचा डोस ६.२ ने भागायचा, माऊसचा (छोटा उंदीर) १२.३ ने. आपण मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतो आणि बातमीत हा दुपटीचा फरक हरवतो, त्यामुळे प्राणी कोणता होता ते आधी बघा.

आता कार्डारिन, म्हणजे जीडब्ल्यू-५०१५१६. रॅटवरचा अभ्यास १०४ आठवडे चालला. माद्यांना किलोमागे रोज ३, १० आणि २० मिलिग्रॅम दिलं होतं. ३ ला ६.२ ने भागलं की साधारण ०.४८ येतात, ७० किलोच्या माणसासाठी रोजचे सुमारे ३४ मिलिग्रॅम. जिममध्ये लोक १० ते २० घेतात. तुमच्या मित्राला वाटतं एकवीसपट अंतर आहे. खरं अंतर २० घेणाऱ्यासाठी दुपटीचंही नाही.

आणि मुख्य गोष्ट वेगळीच आहे. त्या अभ्यासात सगळ्या डोसांना गाठी दिसल्या, अगदी सर्वांत कमी डोसलाही. म्हणजे 'इथपर्यंत काही होत नाही' असा डोस सापडलाच नाही. नव्या औषधाची माणसांवर चाचणी सुरू करताना आधी हा निरुपद्रवी डोस शोधतात, तो माणसासाठी बदलून घेतात आणि मग साधारण आणखी १० ने भागतात. इथे भागायला आकडाच नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. उंदरांना होतं ते सगळं माणसाला होत नाही. सॅकरिन या कृत्रिम गोडव्याने नर रॅटच्या मूत्राशयात गाठी झाल्या होत्या. त्या गाठींचं कारण रॅटच्या लघवीशी निगडित आहे हे पुढे कळलं आणि २००० साली अमेरिकेच्या कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीतून सॅकरिन वगळलं गेलं. पण तिथे एकच अवयव होता, कारण सापडलं होतं आणि लोकांनी सॅकरिन कित्येक दशकं खाल्लेलं होतं. कार्डारिनच्या गाठी अनेक अवयवांत होत्या आणि माऊसमध्येही कॅन्सर दिसला. माणसांवरच्या प्रकाशित चाचण्या लहान आहेत, दोन ते बारा आठवड्यांच्या. कॅन्सर व्हायला वर्षं लागतात, त्यामुळे 'चाचणीत कुणालाच काही झालं नाही' या वाक्यातून इथे काहीच सिद्ध होत नाही. हे औषध तयार करणाऱ्या कंपनीने २००७ मध्ये ते सोडून दिलं. २०१३ मध्ये वाडाने, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने, खेळाडूंना इशारा दिला तो बंदीपुरता नव्हता, तब्येतीच्या धोक्याचाही होता. अशा इशाऱ्यानंतरही मुलं हे घेतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही शेवटी क्रिएटिनबद्दल, म्हणजे व्यायाम करणारे घेतात त्या पूरक पावडरबद्दल विचारलंय: त्यानेही उंदरांची किडनी बिघडली, मग तेही सोडायचं का? २००१ चा तो अभ्यास खरा आहे. पण ते रॅट जन्मतःच किडनीत गाठी वाढणाऱ्या आजाराचे होते. क्रिएटिनने त्यांचा आजार वाढला. घरात कुणाला पॉलिसिस्टिक किडनी असेल तर हा अभ्यास तुमच्यासाठीच आहे, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. निरोगी माणसांवर मात्र क्रिएटिनचे भरपूर अभ्यास झालेत आणि नेहमीच्या ३ ते ५ ग्रॅमला किडनीचं नुकसान दिसलेलं नाही. माणसांवरचा इतका पुरावा हाताशी असताना मी आजारी रॅटच्या अभ्यासावरून निर्णय घेणार नाही. कार्डारिनबाबत तसा पुरावाच नाही, म्हणून तिथे मी रॅटचं ऐकते.

क्रिएटिन घेत असाल तर रक्त तपासताना डॉक्टरांना तसं सांगा. त्याचं शरीरात क्रिएटिनिन बनतं, रिपोर्टमध्ये तो आकडा थोडा वर दिसू शकतो आणि उगाच किडनीची शंका येते. कार्डारिन सुरू केलं असेल तर ते बंद करा, आणि तेही नाव डॉक्टरांपासून लपवू नका.