एनसी घेऊन घरी पाठवलं, आता काय? : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात कौटुंबिक हिंसाचारावर लिहिलं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप यांचा ढीगच आला. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही म्हणून ज्यात बऱ्याच जणींचा प्रश्न येतो अशी पत्रं निवडली आहेत. नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं आहेत. नवरा पिऊन मारतो, सासू त्याचीच बाजू घेते. गेल्या महिन्यात डोक्याला खोक पडली तेव्हा पोलीस स्टेशनला गेले तर त्यांनी एनसी घेतली आणि म्हणाले नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटवून घ्या. आता मी माहेरी आहे. घर सासूच्या नावावर आहे, त्यामुळे तिथे तुझा काही हक्क नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही गं, खरं नाही. आणि तुझ्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात त्या आधी सोडवू.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ती घेतली की पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, म्हणजे तो कागद तसाच वहीत राहतो आणि बाईला वाटतं आपण तक्रार दिली. पण नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ, जो आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८अ मध्ये यायचा आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे, तो तू स्वतः किंवा तुझ्या आईवडील-भावाने सांगितला तर दखलपात्र आहे. त्याची एफआयआर होते. नवरा-बायकोच्या प्रकरणात पोलीस आधी थोडी चौकशी करू शकतात हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये मान्य केलंय, पण चौकशी करणं वेगळं आणि मिटवा म्हणून घरी पाठवणं वेगळं. आणि हो, एफआयआर माहेरच्या पोलीस स्टेशनलाही देता येते, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते स्पष्ट केलं, त्यामुळे ज्या ठाण्यातून हाकललं तिथेच परत जायची गरज नाही. तोंडी सांगू नकोस, लेखी दे, दोन प्रती ने आणि एकीवर पोच घे. घेत नसतील तर तोच अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठव, ही सोय कायद्यातच आहे, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुझ्यासाठी हीच जास्त कामाची. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. हा नवऱ्याला जेलमध्ये टाकण्यासाठी नाहीये, तुला सुरक्षित राहता यावं, पैसे मिळावेत, मुलं जवळ राहावीत यासाठी आहे. मार तर येतोच, पण शिव्या, धमक्या, पैसे न देणं, पगार काढून घेणं, स्त्रीधन अडकवून ठेवणं हे सगळं यात हिंसाच धरलंय. घराचं म्हणशील तर तू नांदलीस ते घर कायद्याच्या भाषेत सामायिक घर आहे, ते कुणाच्या नावावर आहे याने फरक पडत नाही. सासू-सासऱ्यांच्या नावावरचं घरसुद्धा त्यात येऊ शकतं असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे घर तुझ्या मालकीचं होत नाही, पण कोर्टाच्या आदेशाशिवाय तुला बाहेर काढता येत नाही. तिथे परत जायला भीती वाटत असेल, आणि डोक्याला खोक पडल्यावर ती वाटणारच, तर कोर्ट नवऱ्याला दुसरीकडे जागा बघून द्यायला किंवा भाडं द्यायला लावू शकतं.

हे सगळं मागायचं कसं? प्रत्येक जिल्ह्यात महिला व बाल विकास विभागाकडून संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्यांच्याकडे जा, ते तुझी हकीकत एका ठरलेल्या फॉर्ममध्ये लिहून घेतात, त्याला घरगुती घटना अहवाल म्हणतात, बोलताना सगळे डीआयआर म्हणतात. तो मॅजिस्ट्रेटकडे जातो, त्यासाठी तुला पैसे पडत नाहीत. डीआयआर नाही म्हणून अर्ज अडवता येत नाही, वकिलामार्फत थेट कोर्टात गेलीस तरी चालतं, आणि केस माहेरच्या तालुक्याच्या कोर्टात चालवता येते. वकील फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही, तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे अर्ज दे किंवा १५१०० वर फोन कर. अर्जासोबत अंतरिम आदेश मागायला अजिबात विसरू नकोस, कारण कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं लिहिलंय पण कोर्टात तसं क्वचितच होतं, महिनोन्‌महिने जातात, तेवढ्या काळात मुलांच्या फीचं आणि किराणाचं काय करणार. तुझं प्रतिज्ञापत्र बघून, वेळ पडल्यास नवऱ्याचं म्हणणं ऐकायच्या आधीही, कोर्ट अंतरिम आदेश देऊ शकतं. आणि एकदा संरक्षण आदेश (मारू नकोस, त्रास देऊ नकोस असा कोर्टाचा हुकूम) मिळाला आणि नवऱ्याने तो मोडला की तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद आहे. त्यानंतर भांडण आहे मिटवा असं म्हणायला पोलिसांना जागा उरत नाही.

डोक्याच्या जखमेचे कागद आहेत का? सरकारी दवाखान्यात गेली असशील तर केसपेपर आणि एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमेची) नोंद मिळव. नसेल तर त्या दिवशीचे फोटो, ज्या शेजारणीने पाहिलं तिचं नाव, भावाला केलेला मेसेज, सगळं एका जागी ठेव.

एक मात्र मला मनापासून लिहावंसं वाटतं. हा कायदा चांगला आहे, खूप विचार करून केलेला आहे, पण तो ज्या माणसाच्या हातून चालायचा तो संरक्षण अधिकारीच बऱ्याच तालुक्यांत अर्धवेळ असतो. एकाच माणसाकडे दोन-तीन टेबलांचा चार्ज, गाडी नाही, शिपाई नाही, बाई तालुक्याला येते तेव्हा साहेब जिल्ह्याला मीटिंगला. शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा. कायदा होऊन जवळजवळ वीस वर्षांनी! म्हणून ऑफिसला गेलीस आणि कुणी भेटलं नाही तर तशीच परत येऊ नकोस, आवकमध्ये अर्ज देऊन शिक्का घेऊनच ये.

प्रश्न : माझ्या रूममेटवर तिच्या ओळखीच्याच मुलाने जबरदस्ती केली. ती शिकायला इथे आहे, घटना दुसऱ्या शहरात झाली. इथले पोलीस म्हणतात आमची हद्द नाही, एका खाजगी हॉस्पिटलने सांगितलं आधी पोलीस केस करा मग तपासू. ती घरी सांगायला तयार नाही. मी काय करू? प्लीज लवकर सांगा.

तुला फोनवर उत्तर दिलंच आहे, पण इतरांसाठी इथे लिहिते. हद्द नाही हे कारण चालत नाही. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होते, ती लिहून घेऊन योग्य ठाण्याला पाठवायचं काम त्यांचं. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, एफआयआरची प्रत फुकट द्यायची. बलात्काराची तक्रार नोंदवून घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली कमीत कमी सहा महिने सक्तमजुरी आहे. हे कलम पाठ करून जा, शांतपणे नाव-नंबर विचारा, आणि तरीही ऐकत नसतील तर तिथूनच ११२ ला फोन लावा.

पण सगळ्यात आधी हॉस्पिटल. सरकारी असो की खाजगी, उपचार ताबडतोब आणि मोफत करायचे, नाही केले तर तोही गुन्हा आहे. पोलीस केस झाल्याशिवाय तपासणार नाही असं म्हणता येत नाही, केंद्रीय आरोग्य खात्याच्या २०१४ च्या सूचनांमध्ये मुलगी थेट हॉस्पिटलला येऊ शकते हे स्वच्छ लिहिलंय. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळायची गोळीही जितकी लवकर तितकी बरी, त्यामुळे कायद्याचा विचार नंतर केला तरी चालेल पण डॉक्टरकडे आत्ता. कपडे धुवू नका, कागदी पिशवीत ठेवा. तिने आंघोळ केली असेल तरी जा, त्याने सगळं संपत नाही. दोन बोटांची तपासणी (योनीत बोटं घालून केली जाणारी) करायला कुणी निघालं तर स्पष्ट नाही म्हणा, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा बजावलंय की ती करणारा दोषी धरला जाईल.

हॉस्पिटल पोलिसांना कळवेल, ते त्यांचं कायद्याने काम आहे, पण ती सज्ञान आहे, तक्रार द्यायची की नाही हे तिने ठरवायचं, तू नाही आणि तिच्या घरच्यांनीही नाही. आज नको वाटली आणि पुढे द्यावीशी वाटली तरी देता येते. (मुलगी १८ च्या खालची असती तर गोष्ट वेगळी होती, तिथे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे.) तिचं नाव किंवा ओळख छापणं, पसरवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे कॉलेजच्या ग्रुपवर कुणी काही टाकलं तर स्क्रीनशॉट काढून ठेव.

तुमच्या जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर असेल, १८१ वर फोन केला की पत्ता सांगतात, तिथे समुपदेशक, वकील आणि काही दिवस राहायची सोय असते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, तिच्यातून प्रकरण बघून १० लाखांपर्यंत अर्थसहाय्य मिळू शकतं, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. आणि तू, जी तिच्यासाठी धावतेयस, तूही जेव आणि झोप. तिला तू बरेच दिवस लागणार आहेस.

प्रश्न : नवरा माझ्या मनाविरुद्ध संबंध ठेवतो. वकील म्हणाले यावर कायदाच नाही. खरंच नाही?

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मला लाजिरवाणं वाटतं. बायको १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या देशात अजून बलात्कार धरत नाहीत, नवीन संहिता आली तरी तो अपवाद तसाच ठेवला. पण वकिलांनी पुढचं सांगितलं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ हा शब्द स्पष्ट आहे आणि तो नवऱ्यालाही लागू आहे, त्याखाली संरक्षण आदेश, वेगळं राहण्याची सोय, पोटगी, नुकसानभरपाई सगळं मागता येतं. कलम ८५ खाली क्रूरता म्हणूनही तक्रार होऊ शकते. अर्जात हे लिहायला लाज वाटते हे मला माहितीय, पण आडून आडून लिहू नका, जे झालं ते साध्या शब्दांत लिहा. वकील बदलावा लागला तर बदला.

प्रश्न : ताई, शक्ती कायद्याचं काय झालं? बलात्काऱ्याला फाशी देणार म्हणाले होते. सरकारला खरंच करायचंय का काही?

शक्ती विधेयक आपल्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, त्यात फाशीची तरतूद होती, तपास ३० दिवसांत असं होतं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा लागू झालाच नाही. तुमचा राग मला समजतो दादा, तो राग खराच आहे, पण फाशीने आपला प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. मुंबईच्या शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात २०१४ मध्ये तिघांना फाशी झाली, नोव्हेंबर २०२१ मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेपेत बदलली. सात वर्षं गेली. त्या काळात कुठल्या ठाण्यातली बाई जास्त सुरक्षित झाली?

याउलट जे शांतपणे चालू आहे त्याच्याकडे कुणी बघत नाही. १९८४ साली मुंबई पोलिसांच्या जागेतच टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, म्हणजे बाई ठाण्यात आली की खाकीच्या आधी एक प्रशिक्षित समाजसेविका तिच्याशी बोलते, ती कल्पना पुढे राज्यभर गेली. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात दिलासा हे समुपदेशन केंद्र झालं, कारण मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जात नाही पण मलमपट्टीला दवाखान्यात येतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायांपैकी फक्त १४ टक्के बायांनी कुणाकडे तरी मदत मागितली, आणि तीही मुख्यतः माहेरच्यांकडे. उरलेल्यांपर्यंत फाशीची शिक्षा कशी पोचणार? त्यांच्यापर्यंत तालुक्याचा पूर्णवेळ संरक्षण अधिकारी पोचेल, दवाखान्यातली समुपदेशक पोचेल, रात्री दोन वाजता दार उघडणारं निवारागृह पोचेल. आमदार मतं मागायला आले की हे विचारा, की आपल्या तालुक्यात संरक्षण अधिकारी कोण आहे आणि त्यांच्याकडे आणखी किती चार्ज आहेत. उत्तर नसेल तर लेखी मागा, माहितीच्या अधिकारात मिळतं.

प्रश्न : मी चार घरी धुणंभांडी करते. एका घरातले साहेब बाई नसताना अंगचटीला येतात. काम सोडलं तर पगार अडकेल. (वहिनींनी लिहून दिलं.)

मावशी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तुम्हालाही आहे, फक्त ऑफिसातल्या मॅडमना नाही. घरकाम करणाऱ्यांनी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार द्यायची, ती कलेक्टर ऑफिसमधून नेमलेली असते. तीन महिन्यांच्या आत द्या. तक्रारीत तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. थेट पोलिसांकडेही जाता येतं. अडकलेला पगार हा तुमच्या घामाचा आहे, तक्रारीत तोही लिहा. आणि त्या घरात एकट्या जाऊ नका.

प्रश्न : वय ६६. मुलगा पेन्शनसाठी मारतो. हा कायदा सुनांसाठीच आहे ना?

नाही काकू, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आई, बहीण, मुलगी, सगळ्यांसाठी आहे. तुम्ही मुलाविरुद्ध संरक्षण आदेश मागू शकता. शिवाय ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याचा अर्ज प्रांत ऑफिसच्या न्यायाधिकरणात करायचा. बँकेत जाऊन एटीएमचा पिन आजच बदला.

प्रश्न : शेजारच्या घरात रोज मारहाण ऐकू येते. ती बाई काही बोलत नाही. आम्ही तक्रार केली तर आमच्यावर काही येईल का?

येणार नाही. हिंसा होतेय असं ज्याला वाटतं तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. पण त्याआधी तिला एकटीला गाठा, नवरा कामावर असताना, पाण्याला, दुकानात, कुठेही, आणि विचारा की तुला काय हवंय. तिचे कागद, आधार, मुलांचे दाखले यांच्या झेरॉक्स तुमच्या घरी ठेवायची तयारी दाखवा. आवाज वाढला, जिवावर बेतेल असं वाटलं तर मात्र विचारत बसू नका, ११२ लावा आणि बेल वाजवा.