चौकोनी गाडी, घाट आणि महिन्याचे पन्नास हजार

प्रश्न : मी ३५ वर्षांचा, वाकडला राहतो. ऑफिस जूनपासून हिंजवडीहून नवी मुंबईतल्या महापेला हललं. आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं, जाऊन-येऊन २३० किलोमीटर. सध्या शेअर कॅबमध्ये सीट धरली आहे, दोन्ही बाजूंचे मिळून बाराशे. मारुतीची जिम्नी, ती छोटी फोर बाय फोर, घ्यायची फार इच्छा आहे. गाव पाटणच्या पुढे आहे आणि शेवटचा दीड किलोमीटर पावसाळ्यात नुसता चिखल असतो. तिच्या अल्फा या वरच्या मॉडेलचं, मॅन्युअल गिअरचं, ऑन-रोड कोटेशन साडेपंधरा लाखांचं आहे. साडेतीन लाखांची एफडी मोडून डाउन पेमेंट आणि बारा लाखांचं सात वर्षांचं कर्ज ९ टक्क्यांनी, असा विचार आहे. टोलसाठी तीन हजारांचा वार्षिक पास काढेन. हातात पगार १,०५,०००. गृहकर्जाचा हप्ता ३८,०००, घरखर्च ३२,०००, एसआयपी १५,०००. एफडी सोडून बँकेत दीड लाख आहेत. पत्नी पुढच्या वर्षी नोकरी थांबवण्याच्या विचारात आहे, म्हणून तिचा पगार धरू नका. ही गाडी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर १२० ला स्थिर राहते का? आणि मला परवडेल का?

उत्तर : नमस्कार. तुम्ही आकडे इतके नीट दिलेत की माझं अर्धं काम झालं. पण पत्रात एक आकडा नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. गाडी वर्षाला किती किलोमीटर पळणार? आठवड्याला तीन दिवस, सणवार आणि रजा वजा करून ४४ आठवडे धरले तर १३२ दिवस. गुणिले २३०. म्हणजे फक्त ऑफिससाठी तीस हजार किलोमीटरहून थोडं जास्त. गावाच्या फेऱ्या वेगळ्या. घरची गाडी वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालते अशा हिशेबाने लोक गाडी निवडतात. तुमची त्याच्या तिप्पट चालणार आहे.

आधी १२० चं बघू. एक्सप्रेसवेवर कारला सपाटीवर १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची. आता रस्त्यावर ठिकठिकाणी कॅमेरे आहेत आणि वेग ओलांडला की दोन हजारांचं चलान घरी येतं. तेव्हा प्रश्न १०० ला स्थिर राहते का, असा विचारा. हिशेबही करून बघा : ऐंशी किलोमीटर सपाटी १०० ने कापायला ४८ मिनिटं लागतात, १२० ने ४०. आठ मिनिटं वाचतात, आणि ती खालापूरच्या टोलवर किंवा घाटात एखादा कंटेनर बंद पडला की परत जातात.

१०० ला ही गाडी स्थिर राहते. घाबरण्यासारखं काही नाही, ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) आणि सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना आहेत. पण ती स्थिर ठेवण्याचं काम बरंचसं तुम्हाला करावं लागतं. जिम्नीची बांधणी लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर आहे, पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, स्टिअरिंग जुन्या जीपगाड्यांसारखं रिसर्क्युलेटिंग बॉलचं आहे. दगडधोंड्यांत या तिन्ही गोष्टी उत्तम. सरळ रस्त्यावर मात्र स्टिअरिंगला मधोमध जरा सैलपणा जाणवतो आणि हात सतत बारीक-बारीक दुरुस्ती करत राहतात. रुंदी १६४५ मिलीमीटर, उंची १७२०. गाडी रुंदीपेक्षा उंच आहे. शेजारून कंटेनर गेला किंवा आडवा वारा आला की ती बाजूची भिंत शिडासारखी वागते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्यांची अशीच एक उंच, चौकोनी गाडी (दुसऱ्या कंपनीची, नाव सोडा) मी तळेगावहून पनवेलला नेली. कामशेतच्या बोगद्यातून बाहेर पडताना डावीकडून वाऱ्याचा असा धक्का बसला की मी नकळत दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं. तळेगावला गाण्यांचा आवाज अकरावर होता, पनवेलला उतरले तेव्हा आकडा एकोणीसवर होता. मधे कधी वाढवत गेले तेही कळलं नाही. एका बाजूचा प्रवास होता म्हणून मजा वाटली. तुम्हाला संध्याकाळी परत यायचं आहे, आणि परवा पुन्हा जायचं आहे.

आता याच चौकोनी आकाराचे पैसे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की वेग सव्वापट होतो, अवरोध दीडपटीच्या वर जातो. १०० वरून १२० केलात की आणखी ४४ टक्के. शहरात गाडीचा आकार कसा आहे याचा मायलेजवर फारसा परिणाम होत नाही. हायवेवर मात्र तोच मुख्य खर्च. शिवाय जिम्नीच्या मॅन्युअलला पाचच गिअर आहेत, सहावा नाही. त्यामुळे १०० ला इंजिन तीन हजार आरपीएमच्या आसपास फिरत राहतं. एआरएआयचा, म्हणजे अधिकृत चाचणीतला, मायलेजचा आकडा लिटरला १६.९४ किलोमीटर आहे. तुमच्या रस्त्याला, घाट आणि एसी धरून, मी १४ पकडते. तुलनेसाठी डिझायर घेतली, कारण तीही मारुतीचीच, चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलची आहे. तिचा कागदावरचा आकडा २४.७९ आहे, मी २० धरते. पेट्रोल लिटरला १०४ धरलं तर ऑफिसच्या फेऱ्यांना जिम्नी वर्षाला सव्वादोन लाखांचं पेट्रोल पिते, डिझायर एक लाख अठ्ठावन्न हजारांचं. फरक ६७,०००. पाच वर्षांत तीन लाखांवर.

इथे कराचीही एक गोष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांत आल्या. जिम्नी लांबीत बसते, ३९८५ मिलीमीटर, पण इंजिन १४६२ सीसीचं असल्याने तिला ४० टक्के लागतात. शोरूममध्ये ‘जीएसटी कमी झाला, आता घ्याच’ असं सांगतील. कमी झाला हे खरं, पण ४५ वरून ४०. आणि त्यावर दहा लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे १२ टक्के रोड टॅक्स.

टोलबद्दल तुमचा गैरसमज आहे आणि तो महागातला आहे. २०२५ मध्ये तीन हजारांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांना चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याचा रस्ता. तिथे तो चालत नाही. गावाला जाताना खेड शिवापूर आणि आनेवाडीला चालेल, महापेला जाताना नाही. कारला एका बाजूचे ३२० रुपये १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्या दराने दिवसाचे ६४०, वर्षाचे ८४,४८०. तुमच्या हिशेबात तीन हजार लिहिलेत तिथे चौऱ्याऐंशी हजार लिहा.

आता महिन्याची बेरीज. बारा लाखांवर ९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता १९,३०७. पेट्रोल सरासरी १८,८००. टोल ७,०४०. वर्षाला तीन सर्व्हिसिंग, विमा आणि दीड वर्षाला टायरचा सेट, यांचे मिळून पाच हजार. पन्नास हजार झाले. तुमच्याकडे गृहकर्जाचा हप्ता, घरखर्च आणि एसआयपी गेल्यावर वीस हजार उरतात, आणि आत्ता त्यातूनच कॅबचे सरासरी १३,२०० जातात.

मला आधी वाटलं होतं की तुम्हाला ‘जिम्नी नको, डिझायर घ्या’ असं लिहावं लागेल. तेही करून पाहिलं. साडेनऊ लाखांची गाडी, एफडीतले दोनच लाख घालून, साडेसात लाखांचं पाच वर्षांचं कर्ज : हप्ता १५,५६९, पेट्रोल १३,१५६, टोल तोच, देखभाल चार हजार. चाळीस हजार. दहा हजारांनी कमी, कर्ज दोन वर्षं आधी संपतं, पण वीस हजारांत हेही बसत नाही. दोन सहकारी सोबत घेऊन जिम्नीचं पेट्रोल-टोल तिघांत वाटलंत तरी तेहतीस हजारांवर येता. थोडक्यात, एकट्याने स्वतःची गाडी घेऊन महापेला जाणं हेच तुमच्या पगाराला झेपत नाही, गाडी कुठलीही असो. बाराशेची ती सीट तुम्हाला महाग वाटत असेल. पण ६४० चा टोल आणि १,७०० चं पेट्रोल मिळून जिम्नीचा एका दिवसाचा नुसता रस्त्याचा खर्च २,३४० होतो, आणि वर पाच तास तुम्हीच ड्रायव्हर.

सात वर्षांच्या कर्जाबद्दल एवढंच : वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर. तुमच्या वापराने दोन्ही जवळपास एकाच महिन्यात संपतात. त्यापुढे चार वर्षं तुम्ही वॉरंटी नसलेल्या, लाखावर पळालेल्या गाडीचे हप्ते भराल. व्याज एकूण सव्वाचार लाखांच्या आसपास जातं ते वेगळंच.

आणि एफडी. ती मोडलीत तर हाती दीड लाख राहतात. गृहकर्ज आणि घरखर्च मिळून सत्तर हजार आहेत, म्हणजे दोन महिन्यांची सोय. घरात एकच पगार उरण्याची शक्यता तुम्हीच लिहिली आहे. सहा महिन्यांचे ४,२०,००० बाजूला हवेतच. एफडी आणि बँक मिळून पाच लाख आहेत, तेव्हा गाडीसाठी मोकळे आज फक्त ऐंशी हजार आहेत. एसआयपी थांबवून हप्ता भरण्याचा विचार मनात आला असेल (बहुतेकांच्या येतो), तो पत्रात लिहिला नाहीत हे बरं केलंत.

आता तुमच्या इच्छेबद्दल, कारण ती मला अजिबात वेडगळ वाटत नाही. पाटणच्या पुढचा पाऊस मी पाहिला आहे. तिथल्या चिखलात चारही चाकं ओढणारी, २१० मिलीमीटर ग्राउंड क्लिअरन्सची हलकी गाडी म्हणजे खरंच सोन्यासारखी. गंमत अशी की ऑफिसच्या फेऱ्या काढून टाकल्या की हीच जिम्नी फारशी खर्चिक राहत नाही. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालली तर डिझायरपेक्षा पेट्रोलचा फरक जेमतेम अठरा हजार पडतो. हौसेला अठरा हजार मी कोणालाही मंजूर करते.

तेव्हा माझं म्हणणं असं. महापेला कॅबनेच जा. कॅब पिवळ्या पाटीची आहे ना, तेवढं आधी पाहा. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे देऊन बसलात आणि काही झालं तर विम्याचा वाद तुमच्या गळ्यात येतो. एखाद्या दिवशी सीट मिळाली नाही तर वाकडहून ठाण्याची ई-शिवनेरी बस आहे. या वर्षी गावाच्या सहा फेऱ्यांना भाड्याची गाडी घ्या. फेरीला आठ हजार धरले तरी ४८,००० होतात, म्हणजे तुमच्या ठरलेल्या कर्जाचे अडीच हप्ते. शेवटचा दीड किलोमीटर भाड्याची साधी गाडी जाणार नाही, हे कबूल. ती वेशीवर लावा आणि पुढे चालत जा, किंवा गावातला एखादा ट्रॅक्टर सांगून ठेवा. इतकी वर्षं काहीतरी करतच असाल.

पत्नीचा पगार पुढच्या वर्षापर्यंत तरी येतो आहे. त्यातला काही भाग गाडीच्या नावाने वेगळा ठेवता येईल. अर्थात पगार त्यांचा आहे आणि नोकरी थांबवण्याचा बेतही त्यांचा, तेव्हा हे आधी त्यांच्याशी बोला, मग मला लिहा. जिम्नी आपल्याकडे जून २०२३ मध्ये आली, त्यामुळे पहिल्या मालकाच्या, फारशा न पळालेल्या गाड्या आता सेकंड हँड बाजारात येत आहेत. साठवलेल्या पैशांतून बरीचशी किंमत भरून चार लाखांचंच कर्ज घेतलंत, जुन्या गाडीला व्याज जास्त म्हणून ११ टक्के धरलं, तर पाच वर्षांचा हप्ता ८,७०० च्या आसपास येतो. त्यात आठ हजार किलोमीटरचं पेट्रोल पाच हजार, देखभाल अडीच हजार आणि कॅब १३,२०० मिळवा. साधारण २९,४००. म्हणजे आज मोकळे राहणारे वीस हजार जेव्हा पगारवाढीने तीस हजार होतील (महापेचे तीन दिवस दोनावर आले तर पंचवीस हजारही पुरतील), तेव्हा ही गाडी बघायला जा.

जाल तेव्हा डीलरच्या ठरलेल्या गल्लीतल्या फेरीवर समाधान मानू नका. घरातल्या सगळ्यांना बसवा, मागच्या सीट उभ्या ठेवून सामानाची एक मोठी बॅग आत बसते का पाहा, कारण तेव्हा डिकी २०८ लिटरची उरते आणि गाडी चौघांचीच आहे. गावाहून येताना तांदळाचं पोतं आणि आई, दोघांनाही जागा लागणार आहे.