केकमधला चहा, केकमधला मोगरा

गेल्या अंकात चहाच्या शिफॉन केकबद्दल, म्हणजे तेल आणि फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यावर होणाऱ्या हलक्या केकबद्दल, मी ओझरतं लिहिलं होतं. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. या वेळचं सदर त्याच केकला दिलं आहे.

ताई, मी बर्गमॉटच्या वासाचा अर्ल ग्रे चहा मुद्दाम आणला. दुधात छान उकळला, गाळून केकमध्ये घातला. केक मऊ झाला, पण चव तुरट आणि वास जवळजवळ नाहीच. पुढच्या वेळी चहा दुप्पट घालू का? — एक वाचक, नेरुळ

चहा वाढवू नका, उकळणं थांबवा. आपल्या घरचा सीटीसी चहा बारीक गोळीचा असतो. तो आलं-साखर घालून उकळायचा, रंग आणि कडकपणा हेच त्याचं बळ. सुवासिक चहाची गोष्ट वेगळी. अर्ल ग्रेचा वास येतो बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतल्या तेलातून. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकतं. हे तेल फार हलकं असतं. चहा उकळताना तुमचं स्वयंपाकघर घमघमलं असेल, तर तेवढा वास केकमधून वजा झाला असं समजा. भांड्यात उरतं ते टॅनिन, आणि तुरटपणा त्याचाच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही वासाची द्रव्यं पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात जास्त चांगली उतरतात. म्हणून चहा पाण्यात न काढता सायीच्या दुधात मुरवायचा. दुधातली प्रथिनं टॅनिनला बांधून ठेवतात, त्यामुळे तुरटपणाही कमी होतो. टोन्ड दूध इथे कामाचं नाही.

याच कारणासाठी मी शिफॉनचा आग्रह धरते. हा केक लॉस एंजेलिसच्या हॅरी बेकर या विमा विक्रेत्याने 1927 मध्ये शोधला. त्याने कृती वीस वर्षं कुणाला दिली नाही, 1947 मध्ये ती जनरल मिल्स कंपनीला विकली. गुपित होतं लोण्याऐवजी तेल. लोणी फ्रीजमध्ये घट्ट होतं आणि केकही घट्ट लागतो. तेल पातळच राहतं, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही मऊ. शिवाय लोण्याला स्वतःचा वास असतो आणि तो नाजूक चहावर चढतो. रिफाइंड सूर्यफूल तेल बिनवासाचं, म्हणून तेच घ्या. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल मला भाजीत अतिशय आवडतं, पण या केकमध्ये ते घालू नका.

आता कृती, मध्ये नळी असलेल्या सात इंची टिनसाठी. 100 मिली सायीचं दूध तापवा. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद करा. त्यात 8 ग्रॅम चहाची पानं घाला, झाकण ठेवा आणि दहा मिनिटांनी गाळून चमच्याने हलकं दाबा. चोथा पिळू नका, तुरटपणा उतरतो. पानं बरंच दूध पितात. आपल्याला 60 मिली हवं, कमी पडलं तर साधं दूध घालून भरून काढा. हे दूध चाखून पाहा. पिण्याच्या चहापेक्षा ते थोडं जास्तच वासाचं लागलं पाहिजे, कारण अंडं आणि मैदा त्यातला बराच वास झाकतात.

तीन अंड्यांचा पिवळा बलक 25 ग्रॅम साखरेबरोबर फेटा. त्यात 40 मिली तेल, मग चहाचं दूध, मग 65 ग्रॅम मैदा, 10 ग्रॅम कॉर्नफ्लोअर, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ दोनदा चाळून घाला. आता मुरलेल्या पानांचा मोह होतो, पण ती टाकून द्या. त्याऐवजी अर्धा चमचा कोरडा चहा मिक्सरमधून अगदी पिठासारखा बारीक करून मिसळा. वेगळ्या भांड्यात चार अंड्यांचं पांढरं अर्धा चमचा लिंबूरस घालून फेटा. फेस आला की 50 ग्रॅम साखर तीन वेळा विभागून घाला. बीटर उचलला की टोक उभं राहून शेंडा किंचित वाकावा, तिथे थांबा. ताठ, कोरडं झालं तर ते बलकात नीट मिसळत नाही. तीन भागांत हलक्या हाताने मिसळा आणि 160 अंशांवर 40 ते 45 मिनिटं भाजा.

काकू, माझा केक ओव्हनमध्ये मस्त फुगतो आणि बाहेर काढला की बसतो. मी हॉस्टेलवर राहतो, ओटीजी लहान आहे. — एक विद्यार्थी, ऐरोली

तू टिनला तेल लावत असशील, किंवा नॉनस्टिक टिन वापरत असशील. शिफॉनला टिनची भिंत धरून वर चढावं लागतं. साधा अ‍ॅल्युमिनियमचा टिन घे आणि त्याला काहीही लावू नकोस. भाजून झाला की लगेच टिन उलटा कर आणि नळी बाटलीच्या तोंडात अडकवून पूर्ण गार होऊ दे. गरम असताना आतली जाळी कच्ची असते, सरळ ठेवला की स्वतःच्याच वजनाने दबते. मग पातळ सुरी कडेने फिरवून काढ.

लहान ओटीजीत वरचा रॉड केकच्या अगदी जवळ येतो. टिन सर्वांत खालच्या जाळीवर ठेव, फक्त खालचा रॉड चालू ठेवता येत असेल तर तसा ठेव आणि अर्ध्या तासाने रंग पाहून वर फॉइल टाक. त्याआधी दार उघडायचं नाही. बटणावरचे 160 अंश आणि आतलं तापमान यांत बरंच अंतर असू शकतं, म्हणून ओव्हनचा छोटा थर्मामीटर घेतलास तर पैसे वाया जाणार नाहीत.

आमच्या बाल्कनीत मोगरा भरभरून येतो. सासूबाई उन्हाळ्यात माठात फुलं टाकायच्या, त्याची आठवण अजून निघते. केकला तो वास आणता येईल का? बाजारातलं इसेन्स नको वाटतं. — एक वाचक, कोलशेत, ठाणे

तुमचं पत्र वाचून मन प्रसन्न झालं. आणता येईल, आणि अगदी चीनमध्ये करतात त्याच रीतीने. दुकानात जास्मिन टी म्हणून जो ग्रीन टी मिळतो, त्याला वास देणारं फूल आपला मोगराच आहे, जाई-जुई नव्हे. फुजियान प्रांतातलं फुझौ हे शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे दिवसा मोगऱ्याच्या फुगीर कळ्या खुडतात. रात्री त्या उमलू लागल्या की वास सोडतात, तेव्हाच त्या कोरड्या चहात मिसळतात. चहाची पानं वास आणि ओल दोन्ही शोषून घेतात. मग फुलं काढून चहा पुन्हा वाळवतात, आणि उंची चहासाठी हे नव्या कळ्यांनी अनेकदा करतात.

तुम्हीही संध्याकाळी, उमलण्याच्या बेतात असलेल्या कळ्या घ्या. काचेच्या कोरड्या बरणीत 10 ग्रॅम साधा पानांचा ग्रीन टी आणि मूठभर कळ्या थरांनी भरा, झाकण लावा. सकाळी फुलं वेचून काढा, ती तपकिरी होईपर्यंत ठेवली तर कुबट वास धरतात. चहा ताटात पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडा करा. दुसऱ्या रात्री नव्या कळ्या. साखरेलाही असाच वास देता येतो, आणि केकमधली सगळी साखर तीच वापरली तर फारच छान. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत चहा काही नीट वाळत नाही, तेव्हा एप्रिल-मेमध्येच करून ठेवा.

वर दिलेल्या कृतीत फरक एकच: ग्रीन टी जास्त गरम दुधात कडू होतो. गॅस बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग पानं घाला.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. झाडावर गेल्या काही आठवड्यांत कीटकनाशक मारलं असेल तर ती फुलं नकोत. जांभळी नाक्याच्या फूलबाजारातला किंवा स्टेशनबाहेरचा मोगरा केसांत माळायला आणि देवाला सुरेख, पण त्यावर काय फवारलंय ते विकणाऱ्या बाईंनाही ठाऊक नसतं. खाण्यात तो आणू नका.

लॅव्हेंडर घातलं की केकला साबणासारखा वास येतो. माझं काय चुकतं? — एक वाचक, खारघर

प्रमाण. या आकाराच्या केकला सुकी फुलं अर्धा छोटा चमचा पुरतात, तीही साखरेबरोबर वाटून. पाकिटावर खाण्यायोग्य असल्याचं आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक छापलेला पाहा, खोलीत सुवासासाठी ठेवायची फुलं वेगळी. आपल्या जम्मूतल्या भदरवाहमध्येही आता लॅव्हेंडरची शेती होते. मोगरा, लॅव्हेंडर, बर्गमॉट या तिन्हींत लिनालूल नावाचं एक सुवासिक द्रव्य सारखंच असतं, म्हणून अर्ल ग्रेशी लॅव्हेंडरचं छान जमतं. पण मोगऱ्याच्या केकमध्ये ते घालू नका, दोन फुलं एकमेकांना मारतात. माझ्या मते व्हॅनिलाही नको.

आईंच्या पंचाहत्तरीला हा केक करायचा आहे. त्या अंडं खात नाहीत. शिफॉन बिनअंड्याचा होईल का? — एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

शिफॉनचा सगळा डोलारा अंड्याच्या पांढऱ्यावर उभा असतो, त्यामुळे तोच केक बिनअंड्याचा होणार नाही. पण चहाचा वेगळा, मऊ दह्याचा केक होतो, आणि आईंना तो नक्की रुचेल. यात दूध कमी आणि तेल जास्त, म्हणून चहा तेलात मुरवा. 110 मिली तेल हाताला चांगलं गरम लागेल इतपत तापवून 10 ग्रॅम दार्जिलिंग किंवा अर्ल ग्रे घाला आणि तासभर झाकून ठेवा. गाळून 100 मिली मिळेल.

200 ग्रॅम ताजं, गोड दही आणि 150 ग्रॅम साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात अर्धा छोटा चमचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर घालून पाच मिनिटं थांबा. फसफसलं की चहाचं तेल, 50 मिली दूध आणि चाळलेला 180 ग्रॅम मैदा घालून जेमतेम एकजीव करा. या टिनला मात्र तेल आणि बटर पेपर लावायचा. 170 अंशांवर 35 मिनिटांनी सुई घालून पाहा. सोड्यामुळे चहाचा रंग गडद होतो, केक तपकिरी दिसला तर करपला असं समजू नका. दही आंबट असेल तर चहाचा वास हरवतो, म्हणून त्याच सकाळी लागलेलं घ्या. केक आदल्या दिवशी करून डब्यात ठेवा, वास रात्रीतून आणखी खुलतो. क्रीमचं आइसिंग टाळा. वर नुसती पिठीसाखर भुरभुरवा आणि पंचाहत्तरीच्या मेणबत्त्या वेगळ्या ताटलीत लावा.