बाहेरून किरणोपचार घेणारी व्यक्ती स्वतः किरणोत्सारी होते का?

तुमच्या आईंना कर्करोगासाठी यंत्राने बाहेरून किरणोपचार दिले जात आहेत आणि नातेवाइकांच्या सांगण्यावरून घरातल्या लहान मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. या प्रकारच्या उपचारात रुग्ण किरणोत्सारी होत नाही. मुलांनी आजीजवळ खुशाल बसावे. मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो आहे आणि हा गैरसमज किती घरांत माणसांना एकमेकांपासून तोडतो ते पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

किरणोत्सार हा अणुकेंद्राचा गुण आहे. अस्थिर केंद्र आपणहून बदलते आणि त्यातून अल्फा कण, बीटा कण किंवा गॅमा किरण बाहेर पडतात. हे किरण दुसऱ्या पदार्थात शिरले की ते बहुतेक वेळा तिथल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवतात. त्या अणूंची केंद्रे होती तशीच राहतात. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूच्या तीव्र गॅमा किरणांत ठेवलेली साधी काच तपकिरी पडते, काही प्रकारचे प्लास्टिक ठिसूळ होते, पण त्यातून नंतर एकही किरण निघत नाही. एकदाच वापरायच्या इंजेक्शनच्या सिरिंजा याच किरणांनी निर्जंतुक करतात आणि आपण त्या निर्धास्तपणे वापरतो. खरा अपवाद न्यूट्रॉनचा आहे. त्यावर विद्युतभार नसल्यामुळे तो थेट केंद्रात शिरतो आणि साध्या सोडियमचे किरणोत्सारी सोडियम-24 बनवू शकतो, ज्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रे बदलायला लागणारा काळ, 15 तास आहे. अणुभट्टीतले पोलाद किरणोत्सारी होते तेही न्यूट्रॉनमुळेच.

मग सजीवांना एवढी इजा का होते? संपूर्ण शरीराला एकदम 4 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा मिळाली, तर दर किलोग्रॅममागे फक्त 4 जूल ऊर्जा शोषली जाते आणि शरीराचे तापमान जेमतेम एक सहस्रांश अंशाने वाढते. गरम पाण्याचा एक घोट याहून जास्त उष्णता देतो. तरीही उपचार मिळाले नाहीत तर अशा मात्रेने सुमारे निम्मी माणसे दगावतात, कारण ही ऊर्जा उष्णतेसारखी सगळीकडे सारखी पसरत नाही. ती ठिकठिकाणी एकवटून रेणूंचे बंध तोडते, पेशीतल्या पाण्यापासून मूलके, म्हणजे रेणूंचे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार करते आणि डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांच्या जवळच तुटले तर पेशीला ते नीट सांधता येत नाहीत. सतत विभाजन होणाऱ्या पेशींना, म्हणजे अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना, याचा फटका आधी बसतो. कर्करोगाच्या पेशींचेही विभाजन सतत चालू असते. त्यामुळे मात्रा फक्त गाठीच्या जागी आणि पुष्कळदा दिवसाला सुमारे 2 ग्रे अशा हप्त्यांत देतात, म्हणजे मधल्या वेळात निरोगी पेशींना दुरुस्तीला सवड मिळते.

किरण लागणे वेगळे आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणे किंवा पोटात जाणे वेगळे. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात 1987 साली टाकून दिलेल्या उपचारयंत्रातले सीझियम-137 लोकांच्या हाती पडले. त्याच्या निळसर चमकेचे कुतूहल वाटून ती पूड त्यांनी घरोघरी नेली, अंगाला लावली, आणि चौघांचा जीव गेला. त्या माणसांपासून इतरांना धोका होता, कारण पदार्थच त्यांच्या अंगावर आणि शरीरात होता. थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-131 पोटात देतात तेव्हाही काही दिवस मुलांपासून अंतर राखावे लागते. त्याचे अर्धायुष्य 8 दिवसांचे असते आणि ते लघवी, लाळ व घामातून बाहेर पडते. शरीरात गाठीजवळ किरणोत्सारी बिया, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचे बारीक दाणे, बसवल्या असतील तरीही डॉक्टर अंतराच्या सूचना देतात. नातेवाइकांनी ऐकलेले बहुधा अशाच कुणा रुग्णाबद्दल असावे.

काटेकोरपणे बोलायचे तर आपण सगळेच थोडे किरणोत्सारी आहोत: प्रौढ माणसाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियम-40 चे सुमारे 4000 अणू दर सेकंदाला क्षय पावतात. आईंच्या बाबतीत त्यात उपचारामुळे भर पडलेली नाही.

मुलांना एवढेच सांगा की जिथे किरण दिले जातात तिथली आजीची त्वचा लाल आणि हुळहुळी झालेली असू शकते, कारण त्वचेच्या पेशीही सतत नव्याने बनत असतात. तेव्हा मिठी मारताना तेवढ्या जागेवर दाब देऊ नये.