पाद्री व्हायला निघालेल्या वार्ताहराविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. श्रद्धा जागी झाल्यापासून हिशेब तपासणीच्या नोकरीत मन लागत नाही, ती सोडून पूर्ण वेळ चर्चच्या सेवेत जावे असे वाटते, हे तू मोकळेपणाने लिहिलेस, ते बरे केलेस. माझे मत मी सांगणारच आहे. पण त्याआधी न्यूयॉर्कच्या गरिबांची दैना जगापुढे आणणाऱ्या जेकब रीस या वार्ताहराविषयी लिहितो, कारण ऐन पंचविशीत त्यालाही हाच प्रश्न पडला होता.

रीस १८४९ साली डेन्मार्कमधील रिबे या गावी एका शाळामास्तरच्या घरी जन्मला, सुतारकाम शिकला आणि १८७० मध्ये न्यूयॉर्कला उतरला. पुढची काही वर्षे मिळेल ते काम, नाहीतर उपास, अशी गेली. कोळशाची खाण झाली, वीटभट्टी झाली, दारोदार इस्त्र्या विकूनही झाल्या. त्या काळी तेथील पोलीस ठाण्यांत बेघरांना रात्रीपुरते पडू देत असत. चर्च स्ट्रीटच्या अशाच एका खोलीत त्याच्या गळ्यातले सोन्याचे लॉकेट झोपेत चोरीला गेले. तक्रार केली, तेव्हा तुझ्यासारख्या भणंगाकडे सोने आले कोठून, असे म्हणत अंमलदाराने त्यालाच चोर ठरवले आणि हाकलून दिले. दाराशी वाट पाहत बसलेले, त्याच्या मागे लागलेले एक भटके कुत्रे त्याच्या बाजूने धावून आले, तर पोलिसाने ते पायरीवर आपटून मारले.

पुढे तो बातमीदारीत शिरला आणि १८७४ मध्ये, ब्रुकलिनमध्ये एक छोटे वृत्तपत्र चालवत असताना, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनासभांत त्याच्या मनाने पालट घेतला. आता लेखणी टाकावी आणि पाद्री व्हावे, असे त्याने ठरवलेच होते. परंतु सिमन्स नावाच्या ज्या धर्मोपदेशकामुळे हा पालट झाला, त्यानेच त्याला अडवले. उपदेश करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, तू तुझी लेखणीच देवाला वाहा, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मला स्वतःला त्या सिमन्सचे फार कौतुक वाटते, कारण दारात आलेला उत्साही शिष्य परत पाठवणारा गुरू विरळा.

वाहिलेली लेखणी म्हणजे काय, हे पुढे दिसते. १८७७ पासून रीस मलबेरी स्ट्रीटवर, पोलीस मुख्यालयासमोरच्या कचेरीत बसून गुन्ह्यांच्या आणि अपघातांच्या बातम्या देऊ लागला, आणि रात्री-अपरात्री पायी फिरताना कोंदट चाळींमध्ये माणसे कशी कोंबलेली आहेत ते पाहू लागला. लिहून कोणी विश्वास ठेवीना, म्हणून १८८७ च्या सुमारास त्याने नव्यानेच निघालेली, पेटताच क्षणभर लख्ख उजेड देणारी प्रकाशपूड पेटवून अंधाऱ्या खोल्यांची छायाचित्रे घेतली. एकदा अंध भिकाऱ्यांच्या माळ्यावर त्या पुडीने भिंतीवरच्या चिंध्यांनी पेट घेतला. त्याने घाबरून ती आग कशीबशी विझवली आणि बाहेर भेटलेल्या पोलिसाला सांगितले, तर पोलीस हसू लागला: हे घर पेटत नाही, भिंतींवर मळच इतका आहे की आग गुदमरते.

तू आकड्यांत रमत नाहीस म्हणतोस, म्हणून १८९१ ची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आरोग्य खात्याच्या साप्ताहिक पत्रकात, शहराच्या पिण्याच्या पाण्यात नायट्राइटचा, म्हणजे सांडपाणी मिसळल्याची खूण असलेल्या क्षाराचा, अंश आढळल्याची एक क्षुल्लक नोंद होती. इतरांनी ती वाचून सोडून दिली. रीस कॅमेरा घेऊन शहराला पाणी पुरवणाऱ्या क्रोटन नदीच्या पाणलोट क्षेत्रात गेला, कोणत्या गावाची घाण कोठे पाण्यात पडते ते पाहत हिंडला, आणि छायाचित्रांसह सारे छापले. परिणामी शहराला पाणलोटातील जमिनी विकत घेऊन तो उपद्रव थांबवावा लागला. पुढे १८९५ मध्ये थिओडोर रूझवेल्ट, जे नंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष झाले. रीस त्यांना रात्रीच्या गस्तीवर घेऊन जात असे; अशाच एका फेरीत त्याने चर्च स्ट्रीटचे ठाणे दाखवून जुनी हकीगत सांगितली, आणि १८९६ मध्ये ठाण्यांतल्या त्या खोल्या बंद झाल्या. त्या अंमलदाराचा सूड घेण्यात त्याने शक्ती घालवली नाही. बालपणीचे अपमान विसरावेत की सांगावेत, असे तू विचारतोस. मला वाटते, ते कोणत्या व्यवस्थेतून घडले हे शोधण्यापुरते तरी जपून ठेवावेत.

मात्र रीसला संत समजू नकोस. स्वतः परदेशातून आलेला हा माणूस १८९० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात चिनी, इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांविषयी जे सरधोपट शेरे मारतो, ते आज वाचवत नाहीत. सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचे सोसणे आपोआप कळते, या समजुतीपासून तूही सावध राहा, विशेषतः गरिबांच्या वस्तीत सेवेसाठी शिरताना.

तेव्हा राजीनामा दिला नसशील, तर तूर्त देऊ नकोस. वस्तीतल्या लोकांना त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीचा ताळेबंद कोणी समजावून सांगत नाही, आणि देखभालीच्या नावाखाली दरमहा काय कापले जाते हे त्यांना कळत नाही, असे तूच मागे म्हणाला होतास. रविवारी तेथे जा, गेल्या वर्षीचा ताळेबंद आणि पावतीपुस्तके मागून घे, आणि काय आढळले ते मला सविस्तर लिही.

तुझा,
एक जुना हितचिंतक