'लाओ शी-कू' म्हणजे हाडाचा नट?

प्रश्न असा आला आहे: "चिनी चित्रपटांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात एका नटाला 'जुनं नाट्य-हाड' म्हटलंय. तिथे 'ज्येष्ठ अभिनेते' चालेल का?"

माझ्या मते नको. 'ज्येष्ठ'मधून वय कळतं, काम कसं करतो ते कळत नाही.

मूळ शब्द 'लाओ शी-कू'. लाओ म्हणजे जुना, शी म्हणजे नाटक, कू म्हणजे हाड. (रोमन लिपीत शेवटच्या अक्षराला 'जी' वापरतात, पण चिनी उच्चार आपल्या 'क'च्या जवळचा आहे, तेव्हा मराठीत 'कू'च लिहा.) आता आपल्याकडे पाहा. हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी, हाडाचा नट! दोन भाषांची ओळखदेख नसताना दोघींनी अस्सलपणा हाडातच शोधला, याचा मला फार आनंद होतो.

तरी एक फरक आहे. 'हाडाचा' म्हटलं की उपजत गुण आला. विशीतल्या पोरालाही आपण हाडाचा नट म्हणतो. चिनी शब्दात 'लाओ' आहे, त्यामुळे त्याला वर्षं मोजावी लागतात. शिवाय त्याच्या समोर उभा असतो 'श्याओ श्येन-रो', म्हणजे 'कोवळं ताजं मांस': देखणा, तरुण, चाहत्यांचा लाडका नट. एकीकडे ताजं मांस, दुसरीकडे जुनं हाड. नुसत्या देखण्या नटीला 'ह्वा-फिंग', फुलदाणी, म्हणतात. ती आपली शोभेची बाहुली.

'यिंग-ती' म्हणजे 'चित्रपट-सम्राट' हा शब्द वेगळा. तो सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालेल्याला लावतात, जसा २००० साली कान महोत्सवात गौरवलेल्या टोनी ल्युंगला. जुन्या हाडाला मुकुट लागत नाही. हाँगकाँगचे ङ मान-तात (निधन २०२१) आठवा. विनोदी नट-दिग्दर्शक स्टीफन चाऊच्या चित्रपटांत ते कायम नायकाच्या बाजूला. प्रेक्षक त्यांना 'तात काका' म्हणत. 'शाओलिन सॉकर'मध्ये (२००१) ते एकेकाळचे नामांकित फुटबॉलपटू, आता पाय मोडलेले, जुन्या सोबत्याकडे हरकाम्या. चित्रपट धमाल विनोदी आहे, पण त्यांचं लंगडणं पाहताना हसू घशातच अडकतं.

म्हणून तुमच्या वाक्यात 'मुरलेला, हाडाचा नट' लिहा. 'लाओ'चा अर्थ 'मुरलेला'मध्ये येतो आणि हाडही जागेवर राहतं. जागा कमी असेल तर 'मुरलेला नट' पुरे.