आधी क्रम, मग कालावधी : स्टोरीबोर्डविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टोरीबोर्ड आणि टाइमलाइन असे दोन पर्याय आहेत. दोन्हीकडे त्याच क्लिप दिसतात. कामाला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : स्टोरीबोर्डपासून. तेथे प्रत्येक क्लिपला सारख्याच आकाराचा चौकोन मिळतो, मग ती तीन सेकंदांची असो वा तीन मिनिटांची. टाइमलाइनवर मात्र क्लिपची रुंदी तिच्या कालावधीप्रमाणे कमीजास्त होते. म्हणजे कशानंतर काय येणार हे स्टोरीबोर्ड दाखवतो आणि ते किती वेळ दिसणार हे टाइमलाइन दाखवते. पहिलीच क्लिप टाइमलाइनवर टाकून तिची टोके बारकाईने छाटत बसण्याची सवय अनेकांना असते, आणि क्रम ठरवताना ती क्लिपच गाळावी लागली की सगळी मेहनत फुकट जाते.

समजा, कुंभाराच्या कामाच्या तीन क्लिप आहेत : फिरणाऱ्या चाकाचे दुरून घेतलेले दृश्य, मातीला आकार देणारे हात जवळून, आणि तयार झालेला माठ. माठ शेवटी ठेवला तर काय घडणार आहे या उत्सुकतेने प्रेक्षक हातांकडे पाहतो. तोच माठ सुरुवातीला ठेवला तर कुतूहल ‘काय’वरून ‘कसे’वर जाते, आणि मग हातांची क्लिप अधिक वेळ दाखवली तरी कंटाळवाणी होत नाही. क्लिपची योग्य लांबी तिच्या जागेवर अवलंबून असते, म्हणूनच जागा आधी पक्की करायची.

प्रश्न : कॅमेरा आणि मोबाइल अशा दोन्हींवरच्या क्लिप एकदम आणल्या की क्रम विस्कटतो. असे का होते?

उत्तर : सॉफ्टवेअर क्लिपा नावानुसार किंवा तारखेनुसार लावते. नावातल्या आकड्यांचे मोल लक्षात न घेता अक्षरशः क्रम लावला गेला, तर १० क्रमांकाची क्लिप २ च्या आधी येते. ००२, ०१० अशी नावे दिल्यास ही अडचण राहत नाही. तारखेनुसार लावायचे असेल तर चित्रीकरणापूर्वी दोन्ही उपकरणांची घड्याळे जुळवून घ्यावीत.

प्रश्न : क्रम बदलला की पार्श्वसंगीत आणि मथळे भलत्याच दृश्यावर येतात. काय करावे?

उत्तर : स्टोरीबोर्डमध्ये साधारणतः मुख्य चित्राच्याच क्लिप दिसतात. संगीत, निवेदन आणि चित्रावर येणारे मथळे टाइमलाइनवरच्या वेगळ्या पट्ट्यांवर (ट्रॅकवर) असतात, आणि अनेक सॉफ्टवेअरमध्ये ते क्लिपला नव्हे तर वेळेला बांधलेले असतात. चाळिसाव्या सेकंदाला ठेवलेला मथळा, खालची क्लिप हलली तरी चाळिसाव्या सेकंदालाच राहतो. फायनल कट प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेला मथळा मूळ क्लिपबरोबर सरकतो; तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असल्यास ती अवश्य वापरावी. तरीही माझा आग्रह असा की क्रमाचा पहिला कच्चा आराखडा संगीताशिवाय, केवळ क्लिपच्या मूळ आवाजावर शेवटपर्यंत पाहावा. चांगले संगीत चुकीचा क्रमही सुसह्य करते, आणि त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. नंतर क्रम बदलावाच लागला, तर प्रकल्पाची प्रत वेगळ्या नावाने जतन करूनच त्याला हात लावावा.

प्रश्न : सगळ्या क्लिपांमध्ये ट्रान्झिशन (एका क्लिपवरून दुसरीवर जाताना दिसणारा परिणाम) टाकल्यावर व्हिडिओची एकूण लांबी कमी झाली. चित्र कापले गेले का?

उत्तर : कापले गेले नाही, एकावर एक आले. डिझॉल्व्हच्या, म्हणजे एक चित्र विरत असताना दुसरे उमटणाऱ्या ट्रान्झिशनच्या, काळात दोन्ही क्लिप एकाच वेळी दिसाव्या लागतात. काही सॉफ्टवेअर त्यासाठी पुढची क्लिप मागे ओढते. २० क्लिपांच्या १९ सांध्यांवर एकेक सेकंदाचे ट्रान्झिशन टाकले तर व्हिडिओ १९ सेकंदांनी आखूड होतो. काही सॉफ्टवेअर क्लिपच्या छाटलेल्या भागातून जादा फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रे) घेते. सेकंदाला २५ फ्रेम असतील आणि एका सेकंदाचे ट्रान्झिशन सांध्याच्या मधोमध असेल, तर दोन्ही बाजूंना अर्धा सेकंद, म्हणजे १२-१३ फ्रेम शिल्लक हव्यात. त्यासाठी चित्रीकरण करतानाच कृतीच्या आधी आणि नंतर दोन-तीन सेकंद कॅमेरा चालू ठेवावा. स्टोरीबोर्डमधल्या प्रत्येक दोन चौकोनांमध्ये ट्रान्झिशनसाठी जागा दिसते, म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही. बहुतेक सांध्यांना साधा कट, म्हणजे एका क्लिपवरून थेट दुसरीवर जाणेच शोभते. डिझॉल्व्ह काळ किंवा स्थळ बदलताना राखून ठेवावा.

प्रश्न : माझ्याकडे प्रीमियर प्रो हे संपादनाचे सॉफ्टवेअर आहे. त्यात स्टोरीबोर्ड असा पर्याय सापडत नाही.

उत्तर : प्रोजेक्ट पॅनेल आयकॉन व्ह्यूमध्ये उघडा, तेथे क्लिपची चित्रे ओढून हव्या त्या क्रमाने लावता येतात. मग सगळ्या क्लिप निवडून ‘ऑटोमेट टू सीक्वेन्स’ ही आज्ञा द्या आणि क्रमासाठी ‘सॉर्ट ऑर्डर’ निवडा. त्याच क्रमाने त्या टाइमलाइनवर उतरतात. चौकोनातली चित्रे एकसारखी दिसत असतील तर क्लिपवरून माउस फिरवून बोलके दृश्य शोधा आणि तीच पोस्टर फ्रेम, म्हणजे चौकोनात दिसणारे चित्र, म्हणून ठेवा. मुलाखतीच्या क्लिपांना हे विशेष उपयोगी पडत नाही, कारण सगळीकडे तोच चेहरा असतो. तेथे उत्तराचे पहिले तीन-चार शब्दच क्लिपला नाव म्हणून द्यावेत.